लग्नाआधीचे तीन सिनेमे

९ मे, शनिवार

हसला! भुताच्या सिनेमात हसला!

आणि मनातल्या मनात नाही, चांगला खो-खो. पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून पाहिलं. पडद्यावर नवरी विहिरीतून वर येऊन राहिली, ओले केस, अख्खं थिएटर श्वास धरून बसलेलं, मी ओढणी तोंडात कोंबलेली — आणि हा माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "लूज कनेक्शन हाय."

काय?

"तो बल्ब. सारखा लुकलुक करून राहिला ना. होल्डर सैल हाय. भूतबीत काई नाई."

अरे, दिवा लुकलुकला की भूत येतं हे लहान लेकराले कळतं! ह्याले नाही कळत. अमरावतीच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या पोट्ट्यांना शिकवतो ना, मग जगात सगळीकडे होल्डरच दिसतात. इंटरव्हलमध्ये समोसा खाता-खाता म्हणे, एवढी लाइट येते-जाते तर घरातल्या एकानं तरी मेन स्विच पाहायले नको? असा माणूस. आणि ह्याच माणसाशी जुलैत माझं लग्न. साक्षगंध झालं, अंगठी बोटात आहे, आता १७ तारखेपासून धोंड्याचा महिना लागतो म्हणून तेवढं थांबलोय.

सिनेमाही काही धड नव्हता म्हणा. पुण्याचं कुटुंब, इकडचा कुठला तरी पडका बंगला. सगळे गोड-गोड बोलतात. आपल्या भाषेत बोलणारा एकच — चौकीदार. तो अर्ध्या तासात मरतो. मरता-मरता म्हणतो, "मालक, तिकडं नोका जाऊ जी." झालं त्याचं काम! भूत आधी पाहायचं आमी, मरायचंही आमी, आणि पुण्याच्या बाईनं नुसतं किंचाळायचं. शाळेत बाईंनी 'मला' लिहायले शिकवलं होतं. ही वही माझी आहे. इथं 'मले'च.

ट्रेलर बुडाले ते वेगळंच. गजेंद्र वेळेवर आला होता, पण बाबांनी दारातूनच त्याले सिलिंडर आणायले पाठवलं. बाबांचे गुडघे संपले आहेत, ते तरी काय करतील.

त्यानं बदलीचा अर्ज टाकला तेव्हा मात्र लय आवडला होता मले. मी एकुलती. आईले दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, डावी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. म्हणून बाबांची एकच अट होती, मुलानं अकोल्यात आमच्या घरी राहायले यायचं. ह्या एका वाक्यावर किती स्थळं चहा अर्धा टाकून उठली! गजेंद्र उठला नाही. म्हणाला, "अकोल्याच्या आयटीआयत जागा हाय का पायतो." आणि दुसऱ्याच आठवड्यात अर्ज.

आज नाही आवडला. स्टँडवर सोडायले गेली तर म्हणतो, "चांगला होता पिच्चर." चांगला!!

१० मे, रविवार

सकाळी मोरीतला दिवा लुकलुकला. मी किंचाळली. बाबा पलंगावरून म्हणे, "राहू दे, गजू आला की पाहून देईन."

स्टुलावर चढून मीच पाहिलं. होल्डर सैल होता. हे कोणाले सांगणार नाही.

१६ मे, शनिवार

आज अमरावतीले गेली. गोदाबाई — गजेंद्रची आई — दारातच गडवाभर पाणी घेऊन उभ्या. पाय धुवायले लावले, स्वतः टॉवेल दिला, पाटावर बसवलं, ओटी भरली. मी म्हटलं, "मावशी, कशाले एवढं?" म्हणे, "तू येऊन राहिली ना बाप्पा आमच्या घरी, मंग!" लाजल्यासारखं झालं. पण बरं वाटलं. इथवर सगळं छान.

मग सिनेमा. कौटुंबिक. सगळे म्हणून राहिले होते, रुमाल घेऊन जा. मी दोन नेले.

म्हातारी आई खाटेवर. तीन मुलं, कोणी पाहायले तयार नाही. धाकटा शेवटी येतो, तिच्या पायाशी बसतो, तिले ओळख पटत नाही. बाई! मी जी रडायले लागली ती थांबेचना. माझ्याच घरातली खाट दिसून राहिली समोर. डाव्या हाताले सगळे हुंदके. आणि उजव्या हाताले हा — डोळे कोरडे ठणठणीत!

"म्हातारी सहा महिने पाठीवरच हाय," म्हणतो. "एकानंबी कुशीवर वळवलं नाई. पाठ सडून गेली असती."

मी दुसरा रुमाल काढला. ती मेली. थिएटरात नाकं शिंकरल्याचा आवाज. तर पुन्हा हळूच, "चादर तीच हाय पहिल्यापासून."

माणूस आहे की मीटर! आई मरून राहिली आणि ह्याचं लक्ष चादरीत! बाहेर आल्यावर राजकमल चौकापर्यंत मी चार पावलं पुढंच चालली. त्यालेच राहवलं नाही. "तू वळवतं ना तुया आईले दोन-दोन तासानं. म्हणून डोक्यात आलं."

म्हटलं, माझ्या आईले सिनेमात नको आणू. म्हणे, बरं.

रडायचं कळत नाही अशा माणसाजवळ जन्मभर रडायचं कसं? विचार करावा लागणार.

१७ मे, रविवार

धोंडा लागला. पुढच्या रविवारी आमच्या मोठ्या हॉलमध्ये काकांच्या आचलच्या नवऱ्याचं धोंड्याचं जेवण. बाबा म्हणे, "गजूले सांग, सकाळच्याच गाडीनं ये म्हणा. कूलरची खस बदलाची हाय."

२० मे, बुधवार

पारा सेहेचाळीस. लॅबमध्ये एसी बंद, रक्ताच्या बाटल्यांआधी आमीच उकळतो की काय.

अफिफाले — माझ्या शेजारच्या टेबलवर असते — दोन्ही सिनेमे सांगितले. भूत, होल्डर, चादर, सगळं. ती एवढी हसली की मास्क काढावा लागला. "मोनाली, सिनेमेपायी रिश्ता तोडते का कोणी?" मी म्हटलं, सिनेमापायी नाही, त्याच्या मतांपायी. म्हणे, "तुले मतं पायजेत का माणूस?"

दोन्ही पाहिजेत! काहून नको? थिएटरात तीन तास शेजारी बसून माणूस कळला नाही तर घरात कळणार आहे का?

शेवटचा चान्स देते. रविवारी जेवणानंतर सगळे मिळून कॉमेडीले जाणार आहोत. विनोदावर तरी हसला पाहिजे.

२४ मे, रविवार

नीट पहिल्यापासून लिहिते, नाहीतर रागात काहीतरी सुटून जाईल.

आचल माझी चुलत बहीण. काका शेजारीच राहतात, मधली भिंत सामाईक. तिचं मागच्या वर्षी बाळापूरच्या गोपालशी लग्न झालं आणि हा त्याचा पहिला धोंडा. धोंड्याच्या महिन्यात जावयाले जेवू घालायचं, त्याची पूजा करायची. काकांनी काही कमी नाही ठेवली. गोपालचे पाय परातीत धुतले, काकूनं पुसले. चांदीचा दिवा, टॉवेल-टोपी, ताटभर अनारसे, पाटाभोवती रांगोळी. पुरणाचे धोंडे तुपात बुडालेले. "जावईबापू, अजून एक." "जावईबापू, संकोच करू नोका जी." गोपालची मान अशी ताठ की टोपी पडेना. बाबाही हात जोडून उभे, दुखऱ्या गुडघ्यावर.

गजेंद्र सकाळच्याच गाडीनं आला. खस बदलली, कूलरचा पंप साफ केला, गल्लीच्या तोंडापासून पाण्याच्या जार वाहून आणल्या. मग बाह्या वर करून पंगतीत वाढायले लागला. काकू म्हणे, "गजू, जावईबापूच्या पानात तूप!" त्यानं वाढलं. "गजू, पाणी!" त्यानं दिलं. बाबा आल्या-गेल्या सगळ्यांना सांगत होते, "हा आपलाच. घरचा पोट्टा." मले इतकं बरं वाटलं! लग्नाआधीच असा मिसळून गेला. सगळ्यांचं झाल्यावर आईले भरवलं त्यानं, आणि मग ओट्यापाशी उभ्या-उभ्याच जेवला. धोंडे संपले होते. म्हणाला, चालते.

संध्याकाळी सिनेमा. आमची एक अख्खी रांग.

काय हसली मी! घरजावयाची गोष्ट. खेड्यातला पोट्टा पुण्याच्या बंगल्यात राहायले जातो. तो आपल्यासारखा बोलतो, बाकी सगळे त्यांच्यासारखे. कुत्र्याले फिरवायले हा, भाजीच्या पिशव्या हा, गच्चीवरची टाकी धुवायले हा. आणि दर वेळी दाराची बेल वाजते, पाहुणे आत येतात, ह्याले विचारतात, "आपण कोण?" हा तोंड उघडतो तेवढ्यात सासू म्हणते, "तो होय? तो आमचाच!" आणि पाहुण्यांच्या बॅगा ह्याच्या अंगावर! पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा बेल वाजली तेव्हा आधीच हसलो. नंतर तर बेल वाजली की अख्खं थिएटर ओरडायचं — "तो आमचाच!"

काकांनी गजेंद्रच्या पाठीत धपका घातला. "पाहून घे गजू, ट्रेनिंग फुकट भेटून राहिली!" गोपाल पलीकडून म्हणाला, "साडूभाऊ, नोट्स काढा!" अख्खी रांग फुटली. बाबासुद्धा. मी तर पोट धरून.

आणि हा? बसला आपला दगडासारखा. पुढे बघत. भुतावर हसतो आणि विनोदावर तोंड पाडतो! सिनेमा सुटल्यावर म्हणाला, "गाडी हाय," आणि सरळ स्टेशनच्या रिक्षात बसला. घरी आला नाही. बाबांनी मोरीचा नळ त्याच्यासाठी ठेवला होता, तो तसाच गळतोय.

एवढा अपमान! माझ्या माणसांमध्ये बसून एकदा हसता येऊ नये? काका म्हणे, "पोट्टा अंगाले लावून घेते रे." मी मान खाली घातली. झालं. शेवटचा चान्स संपला. ज्याले विनोद कळत नाही त्याच्याशी मी लग्न करणार नाही.

२५ मे, सोमवार

फोन उचलत नाही. ताठा बघा!

२७ मे, बुधवार

उचलला.

मी आधीच ठरवलं होतं काय-काय बोलायचं. सगळं बोलली. की तू भुतावर हसतो, मरणावर चादर मोजतो, विनोदावर रुसतो. की तुझ्याबरोबर सिनेमा पाहणं म्हणजे शिक्षा. की काकांसमोर माझी काय राहिली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मोनाली, त्या कॉमेडीतल्या माणसाचं नाव काय होतं?"

कोणाचं?

"त्या घरजावयाचं. तीन तास पायला ना तू. नाव सांग."

आठवेना. खरंच आठवेना. सासऱ्याचं आठवलं, सासूचं आठवलं, कुत्र्याचंही आठवलं. म्हटलं, त्याचा इथं काय संबंध?

म्हणे, "मले वाटलं होतं मी तुया घरी जावई म्हणून येऊन राहिलो. मी अर्जाचं काहीतरी करतो आता. अकोला नाई जमणार मले."

फोन ठेवला!! त्यानं ठेवला, माझ्याआधी!

म्हणजे सोयरीक मोडणार होती मी, आणि मोडून राहिला हा! आणि आईचं काय? आईबाबांना सोडून मी कुठं जाऊ शकते का, हे माहीत असून! एका सिनेमापायी! अफिफा बरोबर म्हणत होती, फक्त माणूस चुकीचा धरला तिनं.

२८ मे, गुरुवार

बाबांना सांगितलं. भडकले. "आमी त्याले कधी परका मानलं नाई! सिलिंडर आणाले सांगतलं, नळ दाखवला — कोण सांगते पाहुण्याले? घरचा समजलो म्हणून सांगतलं! आन् हा रुसते! जाऊ दे, दुसरं पाहू."

मी म्हटलं, हाव, बरोबर आहे तुमचं. दोघं मिळून अर्धा तास त्याले शिव्या घातल्या. फार बरं वाटलं.

खाटेवरून आई काहीतरी म्हणाली. तिचं बोलणं लवकर कळत नाही, जवळ जाऊन बसावं लागतं. उजव्या हातानं जमिनीकडे दाखवत होती. "पाट," म्हणाली. मग बराच वेळ शब्द शोधत राहिली. "गजूले... पाट... नाई देल्ला."

बाबा म्हणे, कोणता पाट? आई म्हणाली, "एकदाबी."

मग तोंड भिंतीकडे करायले मान हलवली. तिले वळवायची वेळ झाली होती. वळवलं. कुशीखालची उशी नवीन होती, घट्ट, बरोबर मापाची; चार दिवस हाताखालून जात होती, लक्ष आज गेलं. मी आणली नव्हती. बाबांना विचारलं तर म्हणे, "गजूनं आणली त्या रविवारी. का पाठ सडते म्हणे."

पुढं लिहवत नाही.

३० मे, शनिवार

एकटीच गेली. तीच कॉमेडी, तेच थिएटर. अर्धं रिकामं.

नाव आहे त्याले. एकदाच येतं. सुरुवातीले, गावातून निघताना, एसटीच्या खिडकीपाशी त्याची आई म्हणते, "देवमन, डबा खाऊन घेजो." आम्ही त्या दिवशी पॉपकॉर्नच्या रांगेत होतो. त्यानंतर पूर्ण सिनेमाभर कोणी त्याले नावानं हाक मारत नाही.

बेल वाजली. थिएटर हसलं. मी वाट पाहून राहिली की मले हसू येईल. नाही आलं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं ह्या वेळी. तो नट दर वेळी तोंड उघडतो, म्हणजे खरंच सांगायले उघडतो — मी अमुक, मी ह्या घरचा जावई. दर वेळी. आणि सासू वाईट नाही हो! ती प्रेमानं म्हणते, "तो आमचाच." आमच्या बाबांसारखीच.

किती राग आला मले! सिनेमावर आधी. कोणत्या गाढवानं लिहिला हा? पिशव्या उचलणाऱ्या माणसाच्या तोंडी आपली भाषा घातली, की झाला विनोद! मग स्वतःवर. भुताच्या सिनेमात एका चौकीदारासाठी पानभर भांडली मी ह्या वहीत. आणि इथं त्याच भाषेतल्या माणसावर पोट धरून हसली, आणि माझा माणूस शेजारच्या खुर्चीत बसला होता, हाताले जार उचलल्याचे वळ घेऊन.

गोदाबाईंनी माझे पाय धुवायले पाणी दिलं. आम्ही त्यांच्या मुलाले काय दिलं? झाडू सोडून सगळं दिलं हातात.

बाहेर येऊन मेसेज केला. 'त्याचं नाव देवमन.'

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. 'मीपण पुन्हा पायला काल. इथं अमरावतीत. तू जिथं-जिथं हसली तिथं हसून पायलं. नाई आलं.'

रिक्षात रडली. रुमालही नव्हता.

३ जून, बुधवार

बाबांशी कडाक्याचं भांडण. जन्मात झालं नव्हतं असं.

मी म्हटलं, गोपाल जावईबापू आणि गजेंद्र गजू, हे कसं? म्हणे, गोपाल पाहुणा, हा घरचा. मी म्हटलं, घरच्याले उभ्यानं जेवायले लावता? धोंडे संपल्यावर? म्हणे, "मंग तो इथं राहाले येईन तं काय रोज पाय धू त्याचे? माये गुडघे पायले का तू?"

"रोज नका धुऊ! एकदा तरी धुवा ना!"

एवढ्या जोरात ओरडली की काकू भिंतीपलीकडून म्हणे, "काय झालं वं?" मी म्हटलं, सिनेमा चालू आहे!

बाबा चप्पल घालून बाहेर निघून गेले. परत आले तेव्हा हातात नवा पाट होता, शिसमाचा. कोपऱ्यात भिंतीले टेकवून ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. "फोन कर त्याले," म्हणाले. मग जरा थांबून, "गजेंद्ररावले."

७ जून, रविवार

आला.

चेहरा असा, जसा परीक्षेले बसलाय. बाबा दारात गडवा घेऊन उभे. वाकता येईना, तर त्यानं घाईनं गडवा घ्यायले हात पुढे केला. बाबा खेकसले, "थांबा ना जी! धुवू द्या!" धुतले. अर्धं पाणी स्वतःच्याच धोतरावर. पाट, टॉवेल, टोपी, मी काल रात्रभर भिजवलेल्या डाळीचे धोंडे. आई खाटेवरून बघत होती. तो घास घेईना. कान लाल. मी तूप वाढलं. म्हटलं, "संकोच करू नका जी." तेव्हा हसला. त्याच्या हसण्याचा मले पहिल्यांदा राग नाही आला.

मग हात धुऊन म्हणाला, "बदली झाली. मूर्तिजापूरले."

मूर्तिजापूर, म्हणजे अकोलाही नाही आणि अमरावतीही नाही. बरोबर मधात.

अर्ज त्यानं परत घेतलाच नव्हता. फक्त गाव बदललं होतं. स्टेशनजवळ एक घर पाहून ठेवलंय, दोन खोल्या मोठ्या, मागं अंगण. मले लॅबले गाडीनं रोज येता-जाता येईल. "अन् आईले, बाबाले आपल्यासंगं नेऊ," म्हणाला. "आपल्या घरी. खाटेजवळ बेलचं बटन बसवतो मी, आईच्या उजव्या हाताले येईन असं."

मी भडकली! मले न विचारता गाव, घर, बटनसुद्धा ठरवून मोकळा? म्हणे, "विचारालेच आलो. घर नुसतं पायलं, हो नाई म्हटलं अजून. तू नाई म्हटलं तं नाई."

मी आईकडे पाहिलं. तिनं उजव्या हाताचा अंगठा हळूच दाबून दाखवला. बटन दाबल्यासारखा.

मी हाव म्हटलं. तोंडावर राग ठेवूनच.

आणि मग बाबा. उभे राहिले, गुडघा विसरून! "मी? जावयाच्या घरी राहू? अरे, पोरीच्या घरचं पाणी पेत नाई आमी! मायं घर सोडून जावयाच्या दारात बसू? लोकं काय म्हणतीन? हसतीन लोकं!"

गजेंद्रनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "हाव बाबा," म्हणाला. "हसतात."

एवढंच. चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. बाबांनी तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं.

८ जून, सोमवार

बाबा बोलत नाहीत. ताट खोलीत नेऊन दिलं. तसंच परत आलं.

११ जून, गुरुवार

अजून नाही. काका समजावायले आले, त्यांनाही हाकललं. म्हणे, तू तर बोलूच नको, ट्रेनिंगवाल्या.

अफिफा विचारते, पुढचा सिनेमा कोणता? म्हटलं, घरीच चालू आहे, आणि कोणत्या प्रकारचा ते मले कळून नाही राहिलं.

१४ जून, रविवार

सकाळी बाबा पाट घेऊन अंगणात आले. स्वतःच त्यावर बसले, चहा मागितला, पूर्ण प्यायले. मग कपाकडे पाहत विचारलं —

"त्या मूर्तिजापूरच्या घराले पायऱ्या तं नाईत ना वं?"